नाताळातली भीतीची गोष्ट लिहायचीय? आधी घरात कोण कोण आलंय ते मोजा

डिसेंबर लागला की गोव्यावरच्या हॉरर कथा लिहिणारे वाढतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच छापाच्या असतात, म्हणजे पुण्या-मुंबईहून चार-पाच मित्र येतात, जुना पोर्तुगीज बंगला भाड्याने घेतात, केअरटेकर सांगतो वरची खोली उघडू नका, ते उघडतात, पांढऱ्या गाऊनमधली बाई दिसते, संपली गोष्ट. बाईबद्दल माझी तक्रार नाही, बंगल्याबद्दलही नाही. तक्रार एवढीच की हीच गोष्ट जुलैत घडली असती तरी तिच्यातलं एक वाक्य बदलावं लागलं नसतं. म्हणून पहिली कसोटी हीच लावा, तुमची गोष्ट २४ डिसेंबरवरून उचलून जून-जुलैत ठेवून बघा. ती तिथेही उभी राहत असेल तर ती नाताळाची गोष्टच नाहीये, नुसती तारीख टाकलीय.

मग नाताळाची भीती कशात असते? मी उत्तर गोव्यातल्या बार्देशात राहते, आजूबाजूला निम्मी घरं ख्रिश्चनांची, आणि इतकी वर्षं बघून माझं मत पक्कं झालंय की गोव्यात नाताळ म्हणजे घरी परत येणं. वर्षभर कुलूप असलेलं घर उघडतं, लिस्बनहून कोणी येतं, लंडनहून, दुबई-कुवेतहून, बोटीवर असलेला मुलगा सुट्टी काढून येतो, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, खुर्च्या येतात, दारावर कागदी स्टार लागतो. सगळे येतात. आणि भयकथेला लागणारा प्रश्न इथेच पडलेला आहे, सगळे म्हणजे नक्की कोण कोण? ज्याला बोलावलं नव्हतं तो आला का, जो येऊच शकत नाही तो आला का, आणि जो यायचाच राहिला त्याच्या जागी ताटावर कोण बसलंय. हा प्रश्न धरून लिहायला बसलात तर पांढऱ्या गाऊनची गरजच पडत नाही.

नाताळात भुताच्या गोष्टी सांगायची पद्धत मुळात इंग्रजांची. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तिकडे मासिकांचे नाताळ अंक निघायचे, आपल्याकडे दिवाळी अंक निघतात तसेच, आणि त्यात भुताची गोष्ट हमखास असायची. डिकन्सची ती कंजूष म्हाताऱ्याची आणि तीन भुतांची गोष्ट १९ डिसेंबर १८४३ ला छापून आली, त्यानंतर ही प्रथा फारच फोफावली. (त्याच १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, जुन्या काळातली कथा लिहिणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवा, ओसाड पडत चाललेलं जुनं गोवं आणि नवी राजधानी हे दोन्ही एकाच गोष्टीत बसतं.) पण तिकडची भीती उभी आहे अंधारावर आणि थंडीवर. लंडनला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, चार वाजता काळोख, बाहेर गारठा, लोक शेकोटीभोवती कोंडलेले. आपल्याकडे त्याच आठवड्यात दिवस अकरा तासांच्या वर असतो, संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, रात्री पातळ स्वेटर पुरतो आणि पहाटे शेतावर धुकं बसतं, एवढंच. त्यामुळे 'हाडं गोठवणारी थंडी' वगैरे गोव्याच्या गोष्टीत लिहू नका, वाचणारा तिथेच सुटतो. तिकडे दारं बंद असतात म्हणून भीती वाटते आणि आपल्याकडे नाताळात दारं उघडी असतात, कोणीही आत येऊ शकतं, तुमची भीती त्या उघड्या दारातून आणायची.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं ते सांगते. माझी पद्धत अशी, नाताळातली एकच रीत घ्यायची, तिच्यामागचा न बोललेला नियम शोधायचा, मग तो नियम चुकीच्या माणसाकडून पाळला जातोय असं दाखवायचं, आणि शेवटी आपल्या पात्रालाही तोच नियम पाळायला लावायचं. ऐकायला कोरडं वाटेल म्हणून एक उदाहरण पूर्ण उलगडते.

रीत घेऊया ताटाची. नाताळाच्या आदल्या दिवसांत शेजारपाजारी फराळाचं ताट जातं, कोंसुआद म्हणतात, त्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कलकलं, दोस, पेराद असं जे जे घरात केलंय ते, वरून विणलेला रुमाल. हिंदू शेजाऱ्यांकडेही येतं आणि चवथीला, दिवाळीला आपल्याकडून तिकडे जातं. यातला नियम पहिला, ताट रिकामं परत करायचं नाही. नियम दुसरा, ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलंय ते घर गोडधोड करत नाही, त्यांच्याकडे शेजारचे पाठवतात. बस, गोष्टीला एवढं सामान पुष्कळ झालं.

शेजारची आंटी, वय ऐंशीच्या पुढे, सप्टेंबरात गेली. मुलं येऊन सगळं उरकून परत परदेशात गेली, घराला कुलूप, चावी आपल्याकडे. २४ तारखेला संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी ताट ठेवलेलं सापडतं. लहान मुलगी सांगते आंटीने दिलं. आई म्हणते अगं कुठली आंटी, दुसऱ्या वाड्यावरची असेल. ताट उघडतात. नेवऱ्यांची कड त्या आंटीच्या हातची, मुरड बारीक आणि डावीकडे कललेली, कारण तिचा उजवा अंगठा वाकत नव्हता. हे घरातल्या सगळ्यांना ओळखू येतं आणि कोणीच बोलत नाही. आई मुकाट्याने डब्यातले लाडू काढून ताटात भरायला लागते, कारण ताट रिकामं परत जाता कामा नये. आता ते परत नेऊन द्यायचं कोणी आणि कुणाच्या दारात? इथे तुमच्या गोष्टीचा मधला भाग आहे आणि तो लांबवा, घाई करू नका. घरातली माणसं एकमेकांवर ढकलतात, बाबा म्हणतात उद्या बघू, आजी म्हणते उद्या नाही, आजच्या आज. मुलीला चावी माहिती आहे.

शेवट काय करणार? सोपा शेवट म्हणजे मुलगी ताट घेऊन जाते, दार आतून उघडतं. वाईट नाही, पण हा शेवट सगळ्यांना अर्ध्या वाटेवरच दिसतो. मला आवडतो तो दुसऱ्या नियमातून निघणारा. ताट तर दुखवट्याच्या घरी जातं ना? मग आंटीने ते आपल्याकडे का पाठवलं? घरातला मोठा मुलगा त्याच संध्याकाळी मोपा विमानतळावर उतरून गाडीने घरी निघालेला असतो, फोन लागत नसतो, सगळे म्हणत असतात डिसेंबरचं ट्रॅफिक आहे, नेटवर्क नाही. आजीला ताटाचा अर्थ कधीच कळलेला आहे, म्हणूनच ती एवढी घाई करतेय, तिला वाटतंय ताट परत दिलं तर बातमीही परत जाईल. शेवटच्या ओळीत अपघात, पोलीस, फोन काही दाखवायचं नाही. ताट भरून परत नेऊन ठेवलं, आणि सकाळी ते पुन्हा आपल्या दाराशी, लाडू तसेच, हात न लावलेले. एवढ्यावर थांबा. पण यासाठी तो दुसरा नियम गोष्टीच्या सुरुवातीलाच सहज पेरलेला पाहिजे, म्हणजे मुलगी विचारते यंदा आंटीकडे स्टार का नाही लावला, आई भाजी चिरता चिरता सांगते की गेल्यात ना त्या, वर्षभर त्यांच्याकडे गोड नाही करायचं, आपणच द्यायचं असतं, आणि लगेच विषय बदलून वाटाण्यावर. वाचकाला तेव्हा ती माहिती वाटली पाहिजे. शेवटी कोणी समजावून सांगायला आलं की गोष्ट मेली.

हीच पद्धत बाकीच्या रीतींना लावून बघा. गोठा घ्या, म्हणजे क्रिब. त्यात गवतासाठी लोक ताटलीत नाचणी नाहीतर गहू आधीपासून पेरून ठेवतात, आणि बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीपर्यंत ठेवायची नाही, गव्हाणी रिकामी असते. रिकामी जागा आणि ठरलेली वेळ, अजून काय पाहिजे. किंवा मेंढपाळांच्या मूर्ती रोज सकाळी मोजल्या तर एक वाढलेली, आणि तिचं तोंड गव्हाणीकडे न करता घराच्या दाराकडे वळवलेलं. नाताळाचा नोव्हेना, म्हणजे सणाआधीची रोजची प्रार्थना, १६ तारखेला सुरू होतो आणि २४ ला संपतो, नऊ दिवस, त्यामुळे रोज एक छोटी गोष्ट बिघडत जाणारी कथा लिहायला तो सांगाडा आयता मिळतो. मजा म्हणजे आपला धनुर्मासही साधारण त्याच दिवशी लागतो, तेव्हा एकाच गावात पहाटे देवळात आणि संध्याकाळी चर्चमध्ये दोन्हीकडे रोजची वर्दळ असते आणि दोन्हीकडच्या माणसांना तीच एक व्यक्ती दिसतेय हे आठव्या दिवशी गप्पांमध्ये कळतं, असं काहीतरी करता येईल.

आणि ओल्ड मॅन! ३१ डिसेंबरला मध्यरात्री जुन्या वर्षाचा पुतळा जाळतात, त्याआधी काही दिवस पोरं रस्त्याच्या कडेला तो खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागतात. जुनी पॅन्ट, जुना शर्ट, आत गवत, वर टोपी, पोटात फटाके. मला कोणी एकच बीज मागितलं तर मी हे देईन. कपडे कुणाचे आहेत एवढा एकच प्रश्न विचारा. बंद घरातून पोरांनी आणलेले असतील तर? नातू लंडनहून आलाय आणि रस्त्यावर आजोबांचा शर्ट ओळखतोय तर? पोरांना पैसे देऊन तो पुतळा सोडवून घरी आणतो, आणि मग ३१ तारखेला जाळायला काही नाही. जुनं वर्ष जळलंच नाही. पुढचं तुम्ही लिहा, मी याला हात लावत नाही.

नाताळ ६ जानेवारीपर्यंत चालतो हेही विसरू नका, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण. कासावली, आरोसी आणि कुएली या तीन गावांतून राजांच्या पोशाखातली तीन मुलं घोड्यावरून वेगवेगळ्या वाटांनी कुएलीच्या टेकडीवर चढतात आणि वर चॅपलपाशी भेटतात. त्याच टेकडीबद्दल नेटवर एक गोष्ट फिरते, विषप्रयोग, तीन पोर्तुगीज राजे वगैरे. ती घेऊ नका, एकतर इतिहासात असे तीन राजे तिथे राज्य करत नव्हते आणि दुसरं म्हणजे त्या असल्या गोष्टींमुळे रात्री-अपरात्री लोक तिथे व्हिडिओ करायला जातात, गावाला त्रास. फेस्तच त्याहून कितीतरी चांगलं आहे, तीन वाटा, तीन मुलं, गर्दीचं लक्ष तिन्हीकडे. टेकडीवरून खाली आलेला मुलगा तोच आहे का जो वर गेला होता, हे त्याच्या आईला कसं कळणार, त्यावर लिहा.

तारखा आणि चंद्र तपासायला कंटाळू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण भीतीच्या गोष्टीत वाचकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. २५ डिसेंबर २०१५ ला पौर्णिमा होती, तर त्या वर्षीच्या गोष्टीत मिड-नाइट मासहून, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून, परतणाऱ्या माणसाला मिट्ट काळोख दाखवू नका, उलट लख्ख चांदणं दाखवा आणि सावल्या मोजायला लावा. उलट २०१९ चा नाताळ अमावास्येला लागून होता आणि २६ तारखेला सकाळी सूर्यग्रहण झालं, आपल्याकडे खंडग्रास दिसलं. आता विचार करा, एका भिंतीपलीकडे नाताळाची उरलेली बिर्याणी आणि पाहुणे, अलीकडे ग्रहण पाळणारं मराठी घर, पाण्यात तुळशीपत्र टाकलेलं, दारं लावलेली, आणि बरोबर त्या वेळात पलीकडून कोणीतरी दार वाजवतंय. हे सगळं पंचांगातून आयतं मिळालं, मला काही रचावं लागलं नाही.

जागेबद्दलही तेच. एक उदाहरण देते, साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. त्यावर नाताळाची गोष्ट लिहायचा मोह होतो, बुडालेलं गाव, चॅपल, देऊळ. पण ते गाव पाणी आटल्यावर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमाराला वर येतं, तेव्हा जुने गावकरी तिथे जमतात. डिसेंबरात वर धरणाचं पाणी असतं. मग गोष्ट बाद झाली का? मुळीच नाही, आता तर ती जास्त चांगली झाली, कारण नाताळाच्या रात्री चॅपल पाण्याखाली आहे आणि पुनर्वसनाच्या गावातला म्हातारा हट्ट धरून बसलाय की मला तिथेच मासला न्या.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे, सुमारे ४६ मीटर उंच, एकटाच उभा. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, साधू गेले, १८४२ ला चर्चचं छत कोसळलं. त्याची घंटा मात्र वाचली, ती आग्वादच्या किल्ल्यात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली, अजून तिथे आहे. म्हणजे पणजीत नाताळाला वाजणारी घंटा ही मोडलेल्या घराची घंटा आहे. हे वाचून तुम्हाला गोष्ट सुचली नाही तर दोनदा वाचा. मी असं करीन की घंटा वाजल्यावर ज्यांनी यायचं ते कोण, पणजीकर की तिचे पहिले मालक, यावर सगळी गोष्ट उभी करायची आणि पायऱ्यांवरची गर्दी नीट बघायची.

बागा, कळंगुट, हणजूण शक्यतो टाळा. तिथे डिसेंबरात इतका आवाज आणि उजेड असतो की भीती टिकत नाही, आणि तिथली खरी भीती वेगळ्या प्रकारची असते, ती क्राइम कथेची. तुम्ही आतल्या गावात चला, कापणी झालेली शेतं, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीचा, बांध, मानशीत, म्हणजे बांधाच्या पाणदारात, पाणी घुसल्याचा आवाज, कोल्हेकुई, पेडण्या-डिचोलीकडे असाल तर रात्रीचा दशावतारी काला बघून पहाटे तीनला चालत परतणारी माणसं आणि वाटेत एकाच घरावर लागलेला स्टार. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. तो भोंगा फार कामाचा आहे, कारण तो आला की रात्र संपली असं सगळे मानतात, म्हणून एकदा तो भोंगा चुकीच्या वेळी वाजवून बघा, अडीच वाजता, लांबून, आणि घरातलं कोणीतरी झोपेत पाव घ्यायला दार उघडायला उठलेलं.

वास विसरू नका, लोक नेहमी विसरतात. नारळाचा रस आटवताना दोदोलाचा वास, व्हिनेगरचा वास, मेणबत्ती विझल्यावरचा, बंद घर पहिल्यांदा उघडल्यावर येणारा वाळवीचा आणि ओल्या लाकडाचा. बंद घरातून ताज्या दोदोलाचा वास आला एवढं एक वाक्य पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतं.

मराठीत लिहिताय तर सांगणारा माणूस मराठी असू दे, शेजारी असू दे. हे मी आग्रहाने सांगते. आपल्याला ख्रिश्चन घराच्या ओसरीपर्यंतचं सगळं माहिती असतं, बाल्कांव, साला म्हणजे दिवाणखाना, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, भिंतीवरचं आल्तार म्हणजे देवघर, पण त्यापुढचं आतलं नसतं. ही अर्धी माहिती भयकथेसाठी सोन्यासारखी आहे. सांगणाऱ्याला प्रार्थना अर्धवट कळते, लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, चालू असताना तो अंगणात उभा असतो, आणि त्याला कळत नाही की आत्ता जे चाललंय ते नेहमीचं की काहीतरी बिघडलंय. वाचकही तिथेच उभा राहतो. तुम्ही आत जाऊन सगळं सर्वज्ञपणे सांगायला लागलात तर चुकाल पण आणि घाबरवणारही नाही.

संवादात कोंकणी येऊ द्या, पण थोडी, जिथे घाव घालायचा तिथेच. म्हातारी आंटी मराठी मुलीला 'बाय' म्हणेल, मुलगी तिला 'आंटी'च म्हणेल, 'काकू' नाही म्हणणार. निरोप घेताना 'देव बरी रात दिवं' म्हणतात. रात्री अकरा वाजता ओळखीच्या आवाजात 'बाय, दार उक्तें कर' हे चार शब्द पुरतात. त्यांचा अर्थ पुढच्या वाक्यात सांगत बसू नका, आई कडीकडे गेलेला मुलीचा हात धरते एवढं दाखवलं की कळतं.

देवचार आणायचा असेल तर जरा जपून. इकडे कितीतरी गावांत तो राखणदार आहे, हातात काठी, खांद्यावर कांबळं, रात्री गावाच्या हद्दीवरून फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो. वेताळाला वहाणा वाहतात आणि त्या चालून झिजतात असं लोक सांगतात. यांना उचलून दात विचकणारा राक्षस केलात तर गोव्यातला वाचक नाराज होईल आणि त्याचं बरोबर असेल. पण राखणदार वापरायची एक सुंदर जागा आहे, तो हद्दीवर उभा राहून कोणालातरी आत येऊ देत नाहीये. नाताळाला घरी परतणाऱ्या मुलाची गाडी त्याच वळणावर बंद पडते, पुन्हा पुन्हा. घरचे देवचाराला दोष देतात, गाऱ्हाणं घालतात, की बाबा वाट सोड. आणि तो सोडतो. त्याने का अडवलं होतं ते नंतर जेवणाच्या टेबलावर कळतं.

वारसाहक्काची भीती कोणी लिहीत नाही, खरं तर गोव्यात तीच सगळ्यात घरगुती. इथला वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला, मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, आणि अर्ध्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने भलत्याला देता येत नाही, त्यामुळे एका घराचे पंधरा-वीस मालक चार देशांत पसरलेले असतात आणि सगळे एकत्र भेटतात ते नाताळालाच. जेवणं झाली की कागद निघतात. सह्या झाल्या, मोजल्या, एक जास्त भरते. नाव बरोबर आहे, घराण्यातलंच आहे, फक्त तो माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत आणि सिमितेरातल्या, म्हणजे दफनभूमीतल्या, दगडावर दोन्हीकडे आहे. वकील म्हणतो या सहीशिवाय घर विकता येणार नाही. मला हे लिहितानासुद्धा आवडतंय.

आता जे करायचं नाही ते. मास, पाद्री, क्रूस हेच भीतीचं कारण करू नका. शेजाऱ्याच्या देवाला भूत करणं फार सोपं आहे आणि फार वाईट आहे, आणि मराठीत लिहिताना तर आपली जबाबदारी जास्त. सिमितेराबद्दल एक खरी गोष्ट अशी की इथे जागा कमी म्हणून काही वर्षांनी थडगं उघडून हाडं काढून बाजूला कोनाड्यात ठेवतात, तिथे दुसऱ्याला पुरतात. हे लिहायला हरकत नाही पण मायेने लिहा, आईची हाडं पुसून ठेवणारी मुलगी दाखवा, किळस दाखवू नका. खऱ्या गावातलं खरं घर, रस्त्याकडेचा खरा क्रूस जिथे कोणाचं तरी पोर गेलंय, त्याचं नाव-पत्ता देऊन गोष्ट रचू नका. त्या घरचे वाचतात. गाव खरं ठेवा, वाडा काल्पनिक ठेवा.

लांबी दीड ते दोन हजार शब्द. ही गोष्ट मोठ्याने वाचायला लिहायची असते, तेवढी पंधरा मिनिटांत होते आणि पोरं जागची हलत नाहीत. लिहून झाली की मोठ्याने वाचा, जिथे तुमचा आवाज आपोआप नाटकी होतो ती वाक्यं काढून टाका, 'अचानक', 'किंकाळी', 'रक्त गोठलं' बहुतेक तिथेच सापडतील. मग एका ख्रिश्चन मैत्रिणीला द्या आणि फक्त रीती तपासायला सांगा, कारण दक्षिणेकडच्या सासष्टीत आणि बार्देशात, अगदी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात पद्धती बदलतात, मिड-नाइट मास काही ठिकाणी आता बाराच्या बरीच आधी सुरू होते, आणि तुमचं सगळं प्लॉट बाराच्या ठोक्यावर उभं असेल तर ते आधीच कळलेलं बरं. लिहायला नोव्हेंबरातच बसा, ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त झालं की इथे कुणालाच वेळ नसतो, आणि वाचायला २३ ची रात्र धरा, २४ ला सगळे मासला जातात.